कपाटाखालची फरशी

३ फेब्रुवारी

चि. गुण्या,

आशीर्वाद आधीच देऊन टाकतो. पुढचं वाचल्यावर तू ते ठेवून घेशील की परत पाठवशील, सांगता येत नाही.

तुझं पत्र मिळालं. तीन वर्षांनी चार ओळी, म्हणजे वर्षाला एक आणि वरकड एक. मणक्याचं ऑपरेशन, अकरा मार्च, पुढे तीन आठवडे अंथरुणात. "पैसे नकोत बाबा, सोबत माणूस हवं आहे. याल का?" एवढंच. अक्षर मात्र अजून तसंच, ओळंबा लावून काढल्यासारखं सरळ. गवंड्याकडे काटकोन तपासायला गुण्या असतो त्यावरून तुझं हे नाव मी ठेवलं, ते उगाच नाही. दोन वर्षांची होतीस तेव्हापासून तू नव्वदचे एकोणनव्वद होऊ दिले नाहीस. मी चुकलो की तीन वर्षं बोलायचं नाही म्हणजे नाही.

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. तीस वर्षं फरशा कापायचं मशीन कानाशी घेतलं, त्याचं हे व्याज. फोनवर मला नुसतं घोंगावणं ऐकू येतं. तू काही महत्त्वाचं सांगशील आणि मी "हो हो, जेवलो" म्हणेन. त्यापेक्षा कागद बरा.

यायचं म्हणशील तर मनात आहे. पण उजवा गुडघा फार दुखतो. दिवसभराचा प्रवास, तासन्‌तास पाय मुडपून बसायचं, डॉक्टर नको म्हणतात. शिवाय घर बंद ठेवून कसं येणार? दिवस चांगले नाहीत. एखादी शुश्रूषा करणारी बाई ठेवता येते का बघ. हल्ली मिळतात.

सोन्याचा भाव बघतेस ना? बघतच असशील, लोकांना बचतीचे सल्ले देण्याचीच तुझी नोकरी आहे. टोचून बोलत नाही. सहा वर्षांपूर्वी तू म्हणाली होतीस, बाबा, दहा हिस्से करा, त्यातला एक सोन्यात ठेवा, बाकी बँकेत आणि फंडात वाटा. तुझ्या फंडाचं काय झालं आणि माझ्या सोन्याचं काय झालं, एवढंच विचारतो. टोचून बोलत नाही म्हणालो खरा, पण टोचलं असेल तर टोचू दे.

काळजी घे. वजन उचलू नकोस.

तुझा,
बाबा


१२ फेब्रुवारी

चि. गुण्या,

"गुडघा उजवा की डावा? आईच्या वेळी डावा दुखत होता." एवढ्या एका ओळीसाठी तू पाकिटाचा आणि तिकिटाचा खर्च केलास! तुझ्यापुढे खोटं बोलायला माणसाकडे वही हवी, मागचं नोंदवून ठेवायला.

बरं, गुडघे ठीक आहेत. दोन्ही.

खरं कारण सांगतो. घरात गळती आहे. हसू नकोस. ज्यानं अर्ध्या गावाची स्वयंपाकघरं आणि न्हाणीघरं बांधली, एक थेंब खाली जाऊ दिला नाही, त्याच्याच स्वयंपाकघरातून डिसेंबरपासून खालच्या घरात पाणी उतरतं आहे. फरशीखालून मोरीकडे जाणारा नळ कुठेतरी फुटला आहे. खाली शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात, तुला आठवत असतील, शाळेचा तुझा स्कर्ट त्यांनीच दोनदा सैल करून दिला होता. गळती नेमकी त्यांच्या कापड कापायच्या टेबलावर. एका गिऱ्हाइकाचं पांढरं कापड पिवळं झालं, ते त्यांना भरून द्यावं लागलं. जिन्यात भेटल्या की म्हणतात, "मिस्त्री, तुमची आंघोळ माझ्या कात्रीवर होते हो!"

म्हणून मी घरातला मुख्य कॉकच बंद करून ठेवला आहे, तरी आधी मुरलेलं पाणी अजून झिरपतंच. पाणी जिन्याखालच्या सामाईक नळावरून बादलीनं आणतो. दोन मजले, दिवसाला सहा बादल्या. छत्तीस पायऱ्या सहादा चढून झाल्यावर भांडी घासायची असतात. दोन्ही गुडघे ठीक आहेत हे आता तुला पटेल.

नळवाल्याला बोलवा म्हणशील. बोलवायचं तर फरशी फोडावी लागेल, आणि त्या रंगाची फरशी आता मिळत नाही. कारखानाच बंद पडला. एक फुटली की सगळं स्वयंपाकघर ठिगळ लावल्यासारखं दिसणार. माझ्या हातची सगळ्यात चांगली जमीन आहे ती, सांध्यात नख जात नाही. मी ती फोडू देणार नाही.

आणि अशा अवस्थेत घर सोडून कसा येऊ? मी गेलो आणि इमारतीवाल्यांनी कुलूप तोडून फोडाफोड केली तर?

तू विचारण्याआधीच सांगतो, फरशा कापायचा तो कटर आता नाही. तो विकला. कान गेले, आता कशाला हवा, म्हणून विकला. दुसरं काही कारण नाही.

बाबा


२१ फेब्रुवारी

चि. गुण्या,

काल काय झालं ते आधी सांगतो.

इमारतीच्या कमिटीनं दारावर नोटीस लावली. सेक्रेटरी स्वतः आला. तुझ्यापेक्षाही लहान आहे, पण बोलतो असा की जणू आमच्या बारशाला हजर होता. एक मार्चला नळवाला येणार आणि फरशी फोडून नळ बदलणार, मी दार उघडलं तरी आणि नाही उघडलं तरी. वर म्हणतो, "काका, एका फरशीसाठी एवढं काय? सोनं पुरलंय का खाली?"

तो हसला. मीही हसलो. दार लावून घेतलं आणि कडी दोनदा तपासली.

आता तुला सांगतो. तू विचारलं आहेस, "बाबा, नक्की काय अडलंय?" म्हणून सांगतो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण मूठ इतकी वर्षं झाकली की बोटं उघडत नाहीत.

सोनं खाली पुरलं आहे.

तुझा फंड उतरला तेव्हा मी तुला काय काय बोललो, ते तुला पाठ असेल. "बापाच्या घामावर पगार खातेस" असंही म्हणालो होतो. घाबरून सगळं तोट्यात काढलं. तू म्हणत होतीस थांबा, परत वर येईल, आणि ते आलंही, मी नंतर पेपरात वाचलं. पण तोवर मी बँकेतलं, पोस्टातलं, सगळं काढून सोन्याची नाणी घेतली होती. एकेक करून, वेगवेगळ्या दुकानांतून. तुझे दहा हिस्से मी मोडले आणि दहाच्या दहा सोन्यात घातले.

तुझी आई म्हणाली, लॉकर घ्या. मी म्हणालो, लॉकरची किल्ली बँकेकडेही असते. मग घरातच ठेवायचं ठरलं. माझा धंदा फरशीचा, दुसरीकडे कुठे ठेवणार? कपाटाखालची फरशी उचलली, डबा ठेवला, वर पोकळ राहू नये म्हणून ठासून सिमेंट-वाळूचा माल भरला आणि फरशी बसवली. वरून टकटक केलं तरी आवाज भरीव येईल असं काम. ओळखून दाखवावं कुणीही! त्यावर लोखंडी कपाट आणून उभं केलं. तुझी आई म्हणाली, "स्वयंपाकघरात कपाट? भाजीच्या घड्या घालून ठेवू का?" नंतर थापी धुता धुता तिनं विचारलं, "किती ठेवलंत?" मी म्हणालो, सगळं. ती म्हणाली, "भाजीत मीठ लागतं हो. पण नुसत्या मिठाची भाजी होत नाही."

आठ दिवस बोलली नाही. तू कुणावर गेलीस ते तेव्हा कळलं.

तू लिहितेस, आहे ते थोडं विकून मोकळे व्हा. सोपं वाटतं ना? भाव वर जातो तेव्हा वाटतं, आत्ता विकणारा मूर्ख. खाली येतो तेव्हा वाटतं, आत्ता विकणारा महामूर्ख. मूर्ख व्हायचं नाही म्हणून पाच वर्षं मी या घरात बसून आहे. दोन गल्ल्यांपलीकडचं काम घेत नाही. कुणाच्या लग्नाला गेलो नाही, कुणाच्या मयताला गेलो नाही. भाजी आणायला गेलो तर कुलूप दोनदा ओढून बघतो, आणि कोपऱ्यावरून परत येऊन तिसऱ्यांदा. हातात पैसा नाही म्हणून कटर विकला. तो विकण्याऐवजी एक नाणं काढता आलं असतं, पण एक काढायला फरशी फोडायची, आणि फरशी फोडली की परत बसवेपर्यंत घरात उघडं सोनं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

भाव बरोबर ओळखला मी, गुण्या. अगदी बरोबर ओळखला. आणि सहा बादल्या पाणी चढवतो आहे.

हे पत्र वाचून झालं की फाडून टाक.

बाबा


२७ फेब्रुवारी

गुण्या,

तुझं पत्र आज आलं. फरशीबद्दल एक अक्षर नाही, गळतीबद्दल नाही. नुसतं, "आई गेली त्या दुपारी तुम्ही दवाखान्यातून घरी गेला होतात. ते याच्यासाठीच का?"

नाही.

मी तिचा चष्मा आणायला गेलो होतो. तुला तेव्हाच सांगितलं होतं. तिला पेपर वाचायचा होता, चष्मा घरी राहिला होता, तो आणायला गेलो. रिक्षा मिळाली नाही, वेळ लागला, परत येईपर्यंत सगळं संपलं होतं. चष्मा मी आणला होता, तूच माझ्या हातातून घेतलास. याहून जास्त काय पुरावा हवा तुला?

पुन्हा हे विचारू नकोस. बाप आहे मी तुझा.

ऑपरेशनच्या आधी असले विचार मनात आणू नयेत. रिकामं डोकं सैतानाचं घर म्हणतात.


१ मार्च

गुण्या,

मागचं पत्र मी पोस्टात टाकून आलो आणि तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरला नाही. हे लांबणार आहे. पाठ दुखत असेल तर तुकड्या-तुकड्यानं वाच.

नळवाल्याच्या हातानं माझी जमीन फुटू नये म्हणून काल सकाळी मीच फोडायला घेतली. कपाट रिकामं केलं आणि एकट्यानं इंच इंच सरकवलं. चाळीस वर्षांत हजारो फरशा उपटल्या असतील, पण ही उपटताना छिन्नी चारदा हातातून सुटली. स्वतःच्याच कामावर कधी चिडली आहेस का? इतकं ठासून बसवलं होतं की कोपरा निघता निघेना. बसवताना वाटलं होतं, चोराची जिरली पाहिजे. जिरली माझीच.

फरशी निघाली, खालचा माल ओला चिखल झालेला. त्यात डबा. आणि डब्याखाली नळ.

मला सगळं एका नजरेत कळलं. पाच वर्षांपूर्वी डब्यासाठी खड्डा खणायचा होता. नळाची चर आधीच खोदलेली होती, तिथला माल भुसभुशीत. नवीन खड्डा खणण्यापेक्षा तिथेच डबा बसवला, नळाच्या उरावर. माझ्या हाताखालच्या पोरानं असं केलं असतं तर मी त्याच्या कानाखाली वाजवली असती. नळावर काहीही टेकवू नये, हे पहिल्या दिवशी शिकवतात. पण मला घाई होती, कुणी बघायच्या आत फरशी बसवायची होती. आणि वर काय ठेवलं? लोखंडी कपाट, त्याचा एक पाय बरोबर त्या फरशीवर. पाच वर्षं ते वजन डब्यावर, डब्याचा कोपरा नळावर. पत्रा गंजून धारदार झाला आणि नळ चिरला. ज्या कपाटानं राखण करायची त्यानंच घर गळकं केलं. दुसऱ्या कुणाला शिव्या द्यायचीही सोय ठेवली नाही मी.

डब्याचं झाकण हातात आलं ते चुरा होऊन. आतली नाणी मात्र जशीच्या तशी. पुसली की चकाकत होती. डबा गेला, नळ गेला, खालच्या बाईंचं छत गेलं, नाण्यांना मात्र काही नाही. मला त्या चकाकण्याचा इतका राग आला की काय सांगू.

दार उघडंच राहिलं होतं. छिन्नीचे ठोके ऐकून खालच्या बाई वर आल्या. मला ऐकू कुठे येतंय! मान वर केली तर त्या दारात, कमरेवर हात. खड्ड्याकडे बघितलं, नाण्यांकडे बघितलं, माझ्या चिखलाच्या हातांकडे बघितलं. मला वाटलं ओरडतील. तर हळूच म्हणाल्या, आणि मला ओठांवरून कळलं, "एवढ्यासाठी, मिस्त्री?"

तोंडातून भलतंच निघालं. म्हणालो, "बाई, तुम्ही हे ठेवता का तुमच्याकडे? मुलीचं ऑपरेशन आहे, तिच्याकडे जायचंय. तीन आठवडे फक्त."

त्या दोन पावलं मागे सरकल्या. मोठ्यानं, मला ऐकू जावं म्हणून एकेक शब्द तोडून म्हणाल्या, "माझ्याकडे नको. मग मलाही घराबाहेर पडता येणार नाही."

आणि गेल्या. पाच वर्षांत मला जे कळलं नाही, ते त्या बाईला एका क्षणात कळलं.

आता चष्म्याचं.

तुझ्या आईला पेपर वाचायचा होता, हे खरं. चष्मा मागितला, हेही खरं. पण चष्मा घरी नव्हता, गुण्या. माझ्या शर्टाच्या खिशात होता. सकाळी तिला तपासायला नेलं तेव्हा तिनंच काढून दिला होता. ती झोपेतून उठली, म्हणाली, "चष्मा कुठाय?" तेव्हा माझा हात खिशाकडे गेला होता. पण त्याच सकाळी जिन्यात ऐकलं होतं की इमारतीला रंग लावायला माणसं येणार, आणि स्वयंपाकघराची खिडकी मी उघडी टाकून आलो होतो. बाहेरून बांबूच्या परांचीवर चढलेला माणूस आत उतरू शकतो. दोन तास माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. तिनं चष्मा विचारला आणि मला निमित्त मिळालं. म्हणालो, घरी राहिला, घेऊन येतो.

ती म्हणाली, "असू दे. बसा ना."

मी बसलो नाही. घरी आलो. खिडकी उघडी होती, रंगारी तर चार दिवसांनी आले. कपाट जागच्या जागी. मी कपाटाला पाठ लावून जमिनीवर बसलो, हायसं वाटून. चांगला अर्धा तास बसलो असेन. पंखा लावला होता. ती गेली तेव्हा मी पंख्याखाली बसलो होतो.

परत आलो आणि खिशातला चष्मा तुला काढून दाखवला, घरून आणल्यासारखा. दवाखान्याचं बिल तू भरलंस. मी म्हणालो, माझ्याकडे काही नाही.

तीन वर्षं मी स्वतःला सांगत आलो की रिक्षा मिळाली नाही. इतक्या वेळा सांगितलं की ती न मिळालेली रिक्षा मला दिसायला लागली होती. तू विचारलंस आणि मी परवा पुन्हा तेच लिहिलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो हा.

क्षमा कर असं लिहायचं होतं, लिहून दोनदा खोडलं. तिच्याकडून मागायची ती तुझ्याकडून कशी मागू?

बाबा


८ मार्च

गुण्या,

तुझं उत्तर आलं नाही. मी रोज पत्रांची पेटी उघडून बघतो. येणार नसेल तर नको येऊ दे. पण मी काय केलं ते तुला कळलं पाहिजे.

नाणी घेऊन मोठ्या रस्त्यावरच्या सराफाकडे गेलो. त्याच्या माणसानं एक नाणं दगडावर घासलं, भिंगातून बघितलं आणि विचारलं, "आजोबा, हे पांढरं काय लागलंय?" म्हटलं, सिमेंट. त्यानं मालकाकडे बघितलं, मालकानं माझ्याकडे. खरेदीच्या पावत्या एकेक करून पुढे ठेवल्या तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. पावत्या मात्र मी जपून ठेवल्या होत्या. इतका मूर्ख नाही.

भाव त्या दिवशी थोडा उतरलेलाच होता. विकून बाहेर पडलो. छातीत धडधडेल असं वाटलं होतं, पण भूक लागली. कित्येक दिवसांनी अशी भूक लागली.

दहातला एक हिस्सा ठेवला आहे, मिठाएवढा. तो बँकेच्या लॉकरमध्ये आहे, किल्ली तुझ्यासाठी आणतो आहे, नावही तुझं घातलं आहे. बाकी पैसे बँकेत पडून आहेत. त्यांचं काय करायचं ते तू सांग, आणि या वेळी उतरले तर मी तोंड उघडणार नाही. लिहून देतो हवं तर.

खालच्या बाईंना कापडाचे पैसे द्यायला गेलो. पैसे घेतले, पण म्हणाल्या, छत तुम्हीच करून द्या, दुसऱ्याच्या हातचं नको. परत आल्यावर करेन. नळ बदलला. खड्डा उघडाच ठेवला आहे, ओल सुकायला महिना लागेल. वर कुठली फरशी बसवायची ते मग बघू, त्या रंगाची मिळणार नाही. लागू दे ठिगळ.

घराची चावी बाईंकडे दिली. रोज खिडकी उघडून वारा आत घ्या म्हणालो. त्यांनी विचारलं, "आणि कुलूप ओढून बघू का दोनदा?" लबाड आहे बाई.

उद्या सकाळची गाडी आहे, पोस्टाला उशीर होईल म्हणून हे पत्र हातानंच आणतो. तू दार उघडलं नाहीस तरी जिन्यात बसेन. सवय आहे.

बाबा


११ मार्च, दवाखान्यात

गुण्या,

तुला आत नेऊन तासभर झाला. जागी झालीस की हे वाच. बोलायला गेलो तर मला ऐकू येणार नाही आणि तुला रडू येईल, किंवा उलट.

परवा दार उघडून तू माझ्याकडे बघितलंस, पिशवी आत घेतलीस आणि काही बोलली नाहीस. कालही नाही. जेवण वाढलंस, गोळ्यांची यादी भिंतीवर लावलीस, माझी चादर घातलीस, तीही काटकोनात. मी म्हटलं, ठीक आहे, वाकणार नाही ही. मला तेवढंही पुष्कळ होतं.

आज स्ट्रेचरवर झोपवलं तेव्हा नर्स काहीतरी विचारत होती. अंगावरच्या वस्तू कुणाकडे द्यायच्या, असं असावं. तिनं तबक पुढे केलं होतं. तू कानातलं काढून तबकात टाकलंस. मग चष्मा काढलास. आईचाच नंबर लागला आहे तुला, चष्म्याशिवाय तुला माझा चेहराही दिसत नसणार. तरी हात लांब करून, चाचपत, तो तू माझ्या शर्टाच्या खिशात ठेवलास. आणि खिशावर हात दाबून काहीतरी म्हणालीस. मला ऐकू आलं नाही, गुण्या. ओठही नीट दिसले नाहीत, माझ्याच डोळ्यांत पाणी होतं. मी फक्त मान हलवली.

तू "बसा ना" म्हणालीस की दुसरं काही, ते जागी झाल्यावर सांग. मोठ्यानं सांग.

समोरच्या बाकावरचा माणूस दोनदा म्हणाला, खाली चहा चांगला मिळतो, जाऊन या, मी लक्ष ठेवतो. नको म्हटलं. लघवीलासुद्धा गेलो नाही. डॉक्टर म्हणाले अजून दोन तास लागतील, लागू देत.

चष्मा खिशात आहे. मी इथेच बसलो आहे.